ग्रीक नाटकातले देव कुठून येतात आणि कुठे उभे राहतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कॉलेजचा नाट्यगट युरिपिडीस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या 'हिपोलिटस' या शोकांतिकेचं मराठी रूपांतर बसवतोय. नाटकाच्या सुरुवातीला प्रेमाची देवी ॲफ्रोडायटी येते, शेवटी शिकारीची देवी आर्टेमिस. अभ्यासाला घेतलेल्या पुस्तकांत स्कीनी, मेकानी, एक्किक्लेमा असे शब्द भेटतात आणि दर पुस्तकात अर्थ जरा वेगळा लागतो. हॉलमध्ये ना फ्लाय (रंगमंचावर वरून काही सोडायची-उचलायची सोय), ना क्रेन. मग या शब्दांचे अर्थ काय, देवींना आणायचं कसं, आणि रोमन लोकही हे असंच करत होते का?

मी नेपथ्य आणि प्रकाशयोजनेच्या बाजूचा माणूस. ग्रीक नाटकं भाषांतरातून वाचतो आणि वाचताना डोळ्यांसमोर विंगा, लेव्हल (म्हणजे उभं राहायचे उंच चौथरे) आणि दोर येतात. तशा नजरेने पाहिलं तर हे शब्द मुळात सुतारांचे आणि दोर ओढणाऱ्यांचेच आहेत. व्याख्या पाठ करून ते कळत नाहीत. अथेन्सच्या नाटकवाल्यांपुढे कोणती अडचण होती ते कळलं की शब्द आपसूक जागेवर बसतात.

अडचणी मोठ्या होत्या. प्रयोग दिवसाढवळ्या, उघड्यावर, डोंगराच्या उतारावर बसलेल्या हजारो माणसांसमोर. दर्शनी पडदा नाही, त्यामुळे अंधार करून प्रेत उचलून न्यायची सोय नाही. दिवे नाहीत, म्हणजे 'आता इकडे बघा' हे स्पॉटने सांगता येत नाही. बोलणारे नट तीनच, सगळे पुरुष, आणि तोंडावर पूर्ण डोकं झाकणारे मुखवटे. मागे एक इमारत, तिला दार. आता यात देव आणून दाखवा. मुखवटा तर दासीलाही आहे आणि राजालाही, त्यामुळे नुसत्या मुखवट्याने देवपण सिद्ध होत नाही. देव ओळखू येतो तो मुख्यतः जागेवरून: तो कुठल्या वाटेने आला, कुठल्या उंचीवर थांबला आणि कोणाला दिसला. तुमच्या प्रयोगाचाही कणा मी हाच धरेन.

आधी जागा बघू. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनिससचं नाट्यगृह होतं. डायोनिसस हा द्राक्षारसाचा, उन्मादाचा आणि नाटकाचा देव. वसंतातल्या त्याच्या मोठ्या उत्सवात नाटकांच्या स्पर्धा होत. तीन कवी निवडले जात, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि जोडीला एक सॅटर-नाटक, म्हणजे अर्धमानव सॅटरांच्या कोरसचं थट्टेखोर नाटक. (पाठोपाठ चार संहिता बसवायच्या! आपल्या एकांकिका स्पर्धावाल्यांनी तक्रार करू नये.) प्रेक्षक बसत तो उतार म्हणजे थिएट्रॉन. त्याच्या पायथ्याशी मोकळं अंगण, ते ऑर्केस्ट्रा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतली हिंदी गाणी आठवतात, पण मूळ अर्थ नाचायची जागा. इथे कोरस, म्हणजे नाटकातला समूह, गायचा आणि नाचायचा. युरिपिडीसच्या काळात शोकांतिकेचा कोरस पंधरा जणांचा असे. अंगणापलीकडची इमारत म्हणजे स्कीनी, आरंभी नुसता तंबू किंवा खोपट, पुढे लाकडी बांधकाम आणि फार नंतर दगडी. नट तिच्या आत मुखवटे बदलत, म्हणजे रंगपट तोच. आणि बाहेरून तोच राजवाडा, तेच देऊळ, तीच गुहा. स्कीनीच्या दोन्ही अंगांनी ऑर्केस्ट्रात शिरणाऱ्या वाटा त्या पॅरोडॉस. कोरस याच वाटेने गात येतो, म्हणून त्या प्रवेशगीतालाही पॅरोडॉसच म्हणतात. तुम्हाला दोन पुस्तकांत दोन अर्थ सापडले असतील ते बहुतेक यामुळे. स्कीनीच्या पुढचा भाग प्रोस्कीनियॉन. आपण ज्या कमानीतून नाटक बघतो त्या प्रोसिनियमचं नाव तिथून आलं, पण ग्रीकांना ती कमान माहीत नव्हती.

पुस्तकांतल्या फोटोंबद्दल एक सावधगिरी. बहुतेक ठिकाणी एपिडॉरसचं देखणं दगडी नाट्यगृह छापलेलं असतं. ते इ.स.पू. चौथ्या शतकातलं. 'हिपोलिटस' झालं इ.स.पू. ४२८ मध्ये, तेव्हा अथेन्समध्येही दगडी पायऱ्यांचा तो थाट नव्हता. बरंचसं काम लाकडाचं होतं. तसंच उंच तळव्यांच्या बुटांचं. ग्रीक नट म्हटला की चित्रकार त्याला हमखास वीतभर उंच जोड्यांवर उभा करतात. युरिपिडीसच्या काळात कोथॉर्नस म्हणजे मऊ चामड्याचा, पिंडरीपर्यंत येणारा बूट होता, नाचता येईल असा. जाड तळवे पुढच्या शतकांत आले. तेव्हा तुमच्या आर्टेमिसच्या पायांत थर्माकोलचे ठोकळे चिकटवू नका.

व्याख्या वेगवेगळ्या का येतात याचं आणखी एक कारण म्हणजे त्यांतल्या पुष्कळशा पोलक्स नावाच्या कोशकाराकडून आल्या आहेत. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, म्हणजे युरिपिडीसनंतर सुमारे सहाशे वर्षांनी. त्याने आपल्या आणि आधीच्या सगळ्या काळांची यंत्रं एका पोत्यात भरली. म्हणून मी शक्यतो नाटकांच्या ओळींवरच भिस्त ठेवतो. तिथे नट स्वतः सांगतो की तो कुठे आहे.

आता उंची. स्कीनीचं छप्पर सपाट असे आणि त्यावर नट चढत. युरिपिडीसच्या आधीचा शोकांतिकाकार एस्किलस, त्याच्या 'ॲगमेम्नॉन'ची सुरुवातच छपरावर पहारा देत पडलेल्या माणसापासून होते. ट्रॉय पडल्याचा जाळ कधी दिसतो याची तो रात्रभर वाट बघतोय. (भर दिवसा. रात्र सगळी शब्दांत.) देव याच छपरावर बोलायला येतात तेव्हा त्या जागेला थिओलॉजिऑन म्हणतात. आणि देव हवेतून यायचा असेल तर मेकानी: स्कीनीच्या मागे उभा केलेला तुळयांचा सांगाडा, त्याला कप्प्या, दोर, टोकाला हूक. दोर ओढणारे मागे, नट पुढे लोंबकळतोय.

हे यंत्र प्रेक्षकांना दिसत नव्हतं असं समजू नका. इ.स.पू. ४२१ च्या 'पीस' या ॲरिस्टोफेनीसच्या विनोदी नाटकात ट्रायगेअस नावाचा शेतकरी देवांचा राजा झ्यूस याला जाब विचारायला शेणकिड्यावर बसून आकाशात निघतो. अर्ध्या वाटेत तो घाबरतो आणि देवाचा नव्हे तर यंत्रवाल्याचा धावा करतो: बाबा रे, माझ्याकडे लक्ष दे, पोटात गोळा आलाय, सांभाळलं नाहीस तर या किड्याची जेवायची सोय माझ्याकडूनच होईल! दोर ओढणाऱ्याला संहितेत हाक मारलेली हीच जगातली पहिली वेळ असावी. बॅकस्टेजच्या मुलांना हा उतारा अवश्य वाचून दाखवा.

मेकानीवरची टीकाही तेवढीच जुनी. अँटिफेनीस नावाचा विनोदी नाटककार म्हणतो की शोकांतिकावाल्यांना पुढे काही सुचेनासं झालं की ते बोट उचलावं तसं यंत्र उचलतात. ॲरिस्टॉटलने तेच शांतपणे सांगितलं: गुंता कथानकातूनच सुटला पाहिजे, यंत्रातून नव्हे, आणि उदाहरण दिलं युरिपिडीसच्या 'मीडिया' या नाटकाचं. या टीकेतूनच पुढे 'यंत्रातला देव' हा शिक्का तयार झाला. लॅटिनमध्ये तो 'डेउस एक्स माकिना' या रूपात प्रसिद्ध आहे आणि आज कुठल्याही ओढूनताणून केलेल्या शेवटाला लावतात.

मला मात्र युरिपिडीसची बाजू घ्यावीशी वाटते. 'मीडिया'च्या शेवटी यंत्रावर देव नाहीच. मुलांना मारलेली आई आहे, आजोबा हेलिओस म्हणजे सूर्य, त्याने दिलेल्या रथात. खाली नवरा, वर ती, मुलांची प्रेतंही तिच्यापाशी. जिथे देव यायचा त्या उंचीवर ती जाऊन बसली, हाच त्या दृश्याचा घाव आहे. यात गुंता सोडवण्याचा आळस मला दिसत नाही. उंचीचा अर्थ प्रेक्षकांना पाठ आहे हे जाणून केलेला वापर दिसतो. 'ओरेस्टिस'मध्ये (इ.स.पू. ४०८) तर त्याने तीन मजले वापरले. जमिनीवर मेनेलाउस दार ठोठावतोय; छपरावर ओरेस्टिस मेनेलाउसच्या मुलीच्या गळ्याला तलवार लावून उभा; आणि त्याच्याही वर अपोलो हेलनला घेऊन प्रकटतो. एक शब्द न बोलता तिघांची ताकद कोणाची किती ते कळतं. दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्यांना लेव्हल म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगलं दृश्य माहीत नाही.

पण देव नेहमी वरच असतो असंही नाही, आणि माझ्या मते खाली उतरलेला देव जास्त भीतिदायक. एस्किलसच्या 'युमेनिडीस'मध्ये (इ.स.पू. ४५८) अपोलो आणि ॲथेना माणसांच्या पातळीवर येऊन खटला चालवतात, आणि सूड घेणाऱ्या देवता तर खुद्द कोरसच आहेत. युरिपिडीसच्या 'बॅकी'मध्ये डायोनिसस पहिल्याच भाषणात सांगून टाकतो की मी देव आहे, माणसाचं रूप घेऊन आलोय. नंतर राजा पेंथिअस त्याला साधा भोंदू समजून पकडतो, बांधतो, हिणवतो. प्रेक्षकांना ठाऊक, राजाला नाही. संहितेत हा देव हसतमुख आहे, म्हणून त्याचा मुखवटाही हसराच असणार असं अभ्यासक मानतात. मुखवट्याचा भाव बदलत नाही, त्यामुळे राजाची चिरफाड होईपर्यंत ते हसू तसंच राहतं.

आणि ॲरिस्टोफेनीसच्या 'फ्रॉग्ज'मध्ये (इ.स.पू. ४०५) हाच डायोनिसस भित्रा विदूषक होऊन येतो. केशरी झग्यावर महाबली वीर हेराक्लीसचं सिंहाचं कातडं पांघरलेलं, पाताळात जायला निघालेला. भूत दिसल्यावर पळत जाऊन तो समोर बसलेल्या आपल्याच पुजाऱ्याला म्हणतो, मला वाचव, नंतर बरोबर प्यायला बसायचंय ना! डायोनिससच्या पुजाऱ्याचं मानाचं आसन पुढच्या रांगेत असे, म्हणजे हा विनोद थेट त्याच्या तोंडावर. देवाच्याच उत्सवात, देवाच्या पुजाऱ्यासमोर देवाची टर. आपल्याकडे दशावतारात देवळाच्या आवारातच संकासुर धमाल करतो, त्या प्रेक्षकांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

पाताळाच्या बाजूचं एक साधन मी भरभर सांगतो. पोलक्स कॅरॉनच्या (मृतांना पाताळात नेणाऱ्या नावाड्याच्या) पायऱ्यांचा उल्लेख करतो, मृतात्म्यांनी वर यायच्या वाटेचा. एरेट्रियाच्या नाट्यगृहात स्कीनीकडून ऑर्केस्ट्राच्या मध्यात निघणारं भुयार आजही आहे. तुमच्या नाटकात त्याचं काम नाही.

एक्किक्लेमाचं मात्र आहे. हा चाकांचा फलाट. अडचण अशी की शोकांतिकेत मृत्यू घराच्या आत होतो आणि प्रेक्षक बाहेर अंगणात. दार उघडून आतला अंधार दाखवण्यात अर्थ नाही, म्हणून आतलं दृश्यच फलाटावर मांडून बाहेर ढकलायचं. ॲरिस्टोफेनीसने याचीही टिंगल केली आहे: 'अकार्नियन्स'मध्ये एक माणूस युरिपिडीसच्या घरी जातो, तो आतून सांगतो मला वेळ नाही; हा म्हणतो, मग गाडीवरून बाहेर ये, आणि नाटककारसाहेब खरोखरच गाडीवरून बाहेर येतात. 'हिपोलिटस'मध्ये हिपोलिटसची सावत्र आई फीड्रा हिने गळफास घेतल्यावर तिचा नवरा, हिपोलिटसचा बाप थिसिअस ओरडतो की दारं उघडा, आणि तिचं शव बाहेर येतं. तिच्या हाताला एक पाटी लोंबते आहे, सावत्र मुलावर खोटा आळ घेणारी. पुढच्या सगळ्या नाशाचं मूळ ती पाटी.

गडगडाटासाठी ब्रॉन्टिऑन होतं, खडे आणि काशाची भांडी वापरून केलेलं. आपल्या जुन्या नाटकवाल्यांचा विंगेत हलवायचा पत्रा त्याच घराण्यातला.

आता रोमन. नावांची जोडी तुम्हाला माहीत असेल: झ्यूस तो ज्युपिटर, ॲफ्रोडायटी ती व्हीनस, आर्टेमिस ती डायना, हर्मीस तो मर्क्युरी, पोसायडन तो नेपच्यून, अपोलो दोन्हीकडे अपोलोच. ग्रीक नाटकाच्या रूपांतरात व्हीनस किंवा क्युपिड घुसू देऊ नका, भाषांतरकार इंग्रजीतून घेताना हा घोळ नेहमी करतात.

रोममध्ये लॅटिन नाटकाची सुरुवात इ.स.पू. २४० ची धरतात, लिव्हिअस अँड्रोनिकस या नाटककारापासून. पण दगडी, कायमचं नाट्यगृह शहरात उभं राहायला इ.स.पू. ५५ उजाडलं. तोपर्यंत उत्सवापुरता लाकडी रंगमंच ठोकायचा आणि मोडायचा. कायमचं नाट्यगृह म्हणजे चैन आणि बिघडलेली चालरीत, असा जुन्या वळणाच्या मंडळींचा विरोध होता. पाँपे या रोमन सेनापतीने ते बांधलं तेव्हा प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या माथ्यावर व्हीनसचं देऊळ बसवलं. टर्ट्युलियन हा ख्रिस्ती लेखक म्हणतो की हे टीका चुकवण्यासाठी: हे नाट्यगृह नाहीच, देवळाच्या पायऱ्या आहेत, त्यांवर बसून लोक खेळ बघतात एवढंच! परवानगी मिळवायच्या युक्त्या तेव्हापासूनच्या आहेत.

रोमन नाट्यगृहात ऑर्केस्ट्रा अर्धवर्तुळ झालं आणि तिथे प्रतिष्ठितांच्या खुर्च्या आल्या. मागे स्काएने फ्रॉन्स, म्हणजे खांब, कोनाडे आणि पुतळे यांनी मढवलेली उंच भिंत. तिला तीन दारं, मधलं राजाचं. आणि पडदा आला, पण उलटा. औलेउम हा पडदा खेळ सुरू होताना पुढच्या खाचेत खाली पडायचा आणि संपताना वर चढायचा. ओव्हिड या रोमन कवीने त्याची एक उपमा दिली आहे: पडद्यावर काढलेल्या माणसांचे आधी चेहरे वर येतात, मग हळूहळू बाकीचं अंग, शेवटी पाय. जुनं लॅटिन वाचताना 'पडदा पडला' असं आलं तर खेळ संपला असं समजू नका, तो तेव्हा सुरू झालेला असतो.

देवांच्या बाबतीत रोमन गंमत बघायची तर प्लॉटस या विनोदी नाटककाराचं 'ॲम्फिट्रुओ' घ्या. ज्युपिटर एका सेनापतीचं रूप घेऊन त्याच्या बायकोकडे राहायला गेलाय आणि मर्क्युरी झालाय त्याचा गुलाम सोसिया. खरा सेनापती आणि खरा सोसियाही येणार. म्हणजे रंगमंचावर दोन जोड्या, सारख्याच पोशाखात, एकाच पातळीवर. जागेवरून आणि उंचीवरून देव ओळखायची सोयच काढून घेतली. मग प्लॉटस काय करतो? प्रस्तावनेत मर्क्युरी सरळ प्रेक्षकांना सांगतो: माझ्या टोपीत ही छोटी पिसं असतील, बाबांच्या टोपीखाली सोनेरी गोंडा असेल, खऱ्या सेनापतीला तो नसेल, आणि या खुणा घरातल्या कोणालाही दिसणार नाहीत, फक्त तुम्हाला दिसतील. एवढ्याशा गोंड्यावर अख्खं नाटक तोललंय. वेशभूषेचं असं चोख काम मी क्वचित पाहिलंय. हाच मर्क्युरी तिथे म्हणतो की राजे आणि देव आहेत म्हणजे निव्वळ प्रहसन म्हणता येणार नाही, गुलामही आहे तेव्हा याला शोक-प्रहसन म्हणू.

होरेस या रोमन कवीने नाटककारांना नियम घालून दिला की सोडवायला देवच लागेल अशी गाठ असल्याशिवाय देव मध्ये आणू नका. आणि सेनेका या रोमन नाटककाराने तुमचीच गोष्ट 'फीड्रा' म्हणून लिहिली तेव्हा दोन्ही देवींना रंगमंचावर आणलंच नाही. नावं येतात, प्रार्थना होतात, देवी येत नाहीत. हॉलमध्ये साधनं नाहीत म्हणून तुम्हालाही ती वाट सोपी वाटेल. घेऊ नका. सेनेकाचं नाटक एका बाईच्या वासनेवर चालतं. युरिपिडीसचं चालतं दोन देवींच्या वैरावर, ज्यात माणसं मधल्या मध्ये भरडली जातात. देवी काढल्या की ते वेगळं नाटक होईल.

आता तुमचा प्रयोग. संहितेतच दोन मूर्ती दिल्या आहेत, दाराशी एक ॲफ्रोडायटीची आणि एक आर्टेमिसची. त्या अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवा. दाराच्या दोन्ही बाजूंना, सारख्याच उंचीच्या चौथऱ्यांवर, म्हणजे राजवाड्यात जाणारा प्रत्येक जण दोघींच्या मधून जाईल. पूर्ण मूर्ती करू नका. कॉलेजच्या बजेटमध्ये थर्माकोलची देवी केली की गणेशोत्सवाचा देखावा होतो. दगडाच्या रंगाचा उभा ठोकळा आणि वर मुखवटा, बस. हिपोलिटस शिकारीहून येतो, आर्टेमिसच्या मूर्तीला हार घालतो. म्हातारा सेवक त्याला हळूच म्हणतो की हिलाही नमस्कार कर. तो म्हणतो, करतो की, लांबून. त्या क्षणी नटाने ॲफ्रोडायटीच्या मूर्तीकडे पाठ केली तर ते फार झालं. तो तिच्या बाजूने सहज चालत जाऊ दे, न बघता.

ॲफ्रोडायटीच्या प्रवेशासाठी ती छपरावर होती की जमिनीवर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणजे तुम्ही मोकळे आहात. मी तिला जमिनीवर आणेन, प्रेक्षागृहातले दिवे अजून निम्मे चालू असताना, बाजूच्या वाटेने, चालत. ती प्रेक्षकांशीच बोलते. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत आरंभी गणपती आणि मोरावर बसलेली सरस्वती येत. देव येऊन खेळाला सुरुवात करून देतो ही सवय आपल्या रंगभूमीला आहे. तीच सवय वापरा. फरक इतकाच की आपला गणपती विघ्न हरायला येतो आणि ही बाई आज कोण मरणार ते सांगून जाते. तिचा आवाज चढू देऊ नका. तिला राग आलेला नाही, तिने ठरवलेलं आहे.

आर्टेमिस मात्र वर हवी. त्यासाठी माणूस टांगायचा विचार डोक्यातून काढा. आपल्या बहुतेक नाट्यगृहांत वरच्या दांड्या पडदे, झालरी आणि दिव्यांसाठी असतात. हलणाऱ्या माणसाचा भार धरण्यासाठी त्या बसवलेल्या नसतात. हार्नेस, दुसरा सुरक्षा दोर आणि हे काम शिकलेला माणूस, यातलं एकही कमी असेल तर नटाला जमिनीवरून उचलायचं नाही. त्याऐवजी दाराच्या मागे पक्की लेव्हल करा. आणि उंची ठरवताना मोह आवरा. सहा फुटांची लेव्हल, साडेपाच फुटांची नटी, डोक्यावर शिरोभूषण, म्हणजे बारा फूट झाले. पुढची झालर बारा-चौदा फुटांवर असेल तर बाल्कनीच्या मागच्या रांगेतून देवीचं डोकंच कापलं जाईल. चार फूट पुरतात. लेव्हल घातली की कोणाला तरी वर उभं करून पहिल्या रांगेतून आणि सर्वांत मागच्या कोपऱ्यातून स्वतः बघून या. मागून शिडी, कमरेइतका कठडा, पायरीच्या कडांना पांढरी चिकटपट्टी, आणि शिडीपाशी हात द्यायला एक माणूस कायम.

प्रकाश एका बाजूने, तिरका, पांढरा. निळा दिवा आणि धूर नको; तो लागला की पौराणिक मालिका सुरू होते. बाकीच्यांवरचा उजेड कमी करू नका. ग्रीक देव उजेडात येतो, अंधारातून नव्हे.

आणि आता ते शेवटचं दृश्य. ते नीट बसवलंत तर बाकी चुका लोक पोटात घालतील. मरायला टेकलेल्या हिपोलिटसला उचलून आणतात. त्याला आर्टेमिस दिसत नाही. नाटकाच्या सुरुवातीलाच तो म्हणाला आहे की मी तुझा आवाज ऐकतो, चेहरा बघत नाही. आताही ती आल्याचं त्याला सुगंधावरून कळतं. म्हणून नटाने वर बघायचं नाही. त्याला उताणा, डोकं प्रेक्षकांकडे असा ठेवू नका, चेहरा झाकला जातो. एका कुशीवर, प्रेक्षकांकडे तोंड करून झोपवा. देवी त्याच्या पाठीशी, वर. सुगंधाच्या ओळीआधी त्याचं कण्हणं थांबू दे, एवढं पुरे. उदबत्ती लावू नका, पहिल्या तीन रांगा शिंकतील.

तो विचारतो, माझी दशा बघतेयस ना? ती म्हणते, बघतेय, पण माझ्या डोळ्यांना अश्रू गाळायची मुभा नाही. आणि थोड्या वेळाने, त्याचा प्राण जायच्या आधीच, ती निरोप घेते, कारण मृत्यू बघणं देवांना निषिद्ध आहे. यावर तो जे म्हणतो त्याचा आशय असा की इतकी वर्षांची सोबत तू किती सहज सोडून चाललीस. ही तक्रार आहे की नुसतं नवल, ते नटाने ठरवायचं. दिग्दर्शकाने फक्त तिचं जाणं साधं ठेवायचं: ब्लॅकआउट नाही, संगीत नाही, ती वळते आणि शिडीने उतरते. तिच्यावरचा दिवा मात्र तसाच ठेवा. रिकामी लेव्हल उजेडात राहते आणि खाली बाप-लेक राहतात. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो दिवा घालवू नका. ऑपरेटरचा हात तिकडे जाईल, त्याच्या क्यूशीटवर ठळक लिहून ठेवा.

दोन्ही देवी एकदाही समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे एकीनेच दोन्ही भूमिका केल्या तर चालतं. मी तर तसंच सुचवेन. तीन नटांच्या पद्धतीत अशी वाटणी रोजची होती, आणि तोच आवाज दुसऱ्या मुखवट्यातून आला की प्रेक्षक आपोआप दोघींना एका तागडीत तोलतात.

राहिली ट्रॉली. सहा बाय चारचा फलाट, खाली चार इंची चाकं, चारही स्थिर. फिरती चाकं लावू नका, सरळ ढकललं तरी गाडी तिरकी जाते आणि दाराच्या चौकटीला घासते. दार फलाटापेक्षा दोन्हीकडून किमान सहा इंच मोठं. मागून ढकलणारे दोघे आणि परत ओढायला दोर. बाहेर आल्यावर चाकाखाली पाचर मारायची जबाबदारी एकाच माणसाची. फीड्राचं शव पुढे बराच वेळ समोर राहतं, आणि जिवंत मुलीचा श्वास पहिल्या रांगेला दिसतोच. म्हणून कापडाखाली पुतळा ठेवा, फक्त हात नीट घडवा, कारण सगळ्यांची नजर पाटीवर म्हणजे त्या हातावरच जाणार. पाटी दोऱ्याने घट्ट बांधू नका. थिसिअसला ती एका हाताने, न झगडता काढता आली पाहिजे. आणि ट्रॉलीची तालीम कोरसच्या पूर्ण पोशाखात घ्या. पायघोळ कपड्यांची टोकं चाकाखाली जातात, आणि ते साध्या कपड्यांतल्या तालमीत कधीच लक्षात येत नाही.